गुलाबीवर पांढरी अक्षरं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शिवण शिकवणाऱ्या बाई आणि त्यांचे वडील नंबराची वाट बघत बसले होते.

"बाबा, माझ्या ऑनलाइन कोर्सचा साधा एक धडा तुम्हाला वाचता येईना, म्हणून आणलंय. आता कुरकुर नको."

"अगं, गुलाबीवर पांढरी अक्षरं, तीही वेलबुट्टी काढल्यासारखी. कुणाच्या बापाला दिसणार?"

"नाजूक वाटतं ते. शिवणाचा धडा आहे, पंचनामा नाही."

"समोरची पाटी वाचून दाखवू? 'मोबाइलवर मोठ्याने बोलू नये.'"

"त्यात काय मोठंसं! पांढऱ्यावर काळी, चांगली ठसठशीत अक्षरं आहेत. कुणीही वाचेल."

"मग तुझा धडाही कुणीही वाचू दे की!"

"तुमची नजर अधू झालीय, बाबा. बाकी एकाही विद्यार्थिनीची तक्रार नाही."

"तक्रार कशाला करतील? कोर्स सोडून चालल्यात ना?"

"आळशी आहेत त्या. बाही कापायची वेळ आली की पळतात."

वडील माझ्याकडे वळले.

"तुम्हाला काय त्रास होतोय, ताई?"

"डोकं ठणकतं हो. शिवणाचा ऑनलाइन कोर्स लावलाय. बाहीच्या धड्यापासून सुरू झालं."