हवा कुठून सुटतेय

...आणि वर लोक मलाच म्हणतात, तुम्हाला कळायला नको होतं का? अहो, कळतंय म्हणूनच तर घोळ झाला! तुम्हाला सांगतो, चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं कॉम्प्रेसरवर काढलीत मी, हवा कुठून सुटते ते मला झोपेत ऐकू येतं, घरात कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मी सांगतो की रिंग गेलीय... आणि लीक म्हणजे लीक, मग ते कंपनीच्या शॉपमध्ये असो नाहीतर चर्चमध्ये!

तर आमची स्वरूपा. नोकरी हिंजवडीत कॉम्प्युटरवर, पण नाद वाजवायचा. कॅम्पात इंग्रजांच्या काळातलं एक चर्च आहे, तिथं दोन वर्षं ऑर्गन शिकली. ऑर्गन म्हणजे आपली पेटी नव्हे हां, भिंतभर पाइप, आणि पाइपात हवा! आता तिचा पहिला कार्यक्रम, तोही भर दुपारी, लंच टाइममध्ये, ऑफिसातली माणसं जेवण सोडून ऐकायला येतात म्हणे. जेवण सोडून? आमच्याकडं भोंगा झाला की माणसं मशीन सोडतात, जेवण नाही. पोरगी म्हणाली, "पप्पा, दोन वर्षं घासलंय यासाठी. तुम्ही फक्त शांत बसा." एवढंच मागितलं होतं हो लेकरानं.

बसलो. इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या बाकावर. तिनं सुरू केलं आणि काय सांगू, बाकडं थरथरलं, माझा ऊर भरून आला, तिच्या आईनं तर डोळ्याला पदर लावला. मग ती हळू वाजवायला लागली, अगदी हळू, आणि त्यात... स्स्स्स... उजवीकडून. मी छताकडं बघितलं. स्स्स्स... खिडकीच्या रंगीत काचा मोजल्या. स्स्स्स... ही दबक्या आवाजात म्हणते, चुळबुळ करू नका. अगं, पण हवा चाललीय! लीक म्हणजे लीक!

पाय आपोआप उठले, राव. बाजूच्या दारातून ऑर्गनच्या मागं गेलो, तर पाइपांत हवा भरणारी मोटर चालू आणि हवेची नळी सांध्याशी फाटलेली. टेप खिशात असतेच माझ्या. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, कुणाला कळणारही नाही. पण कंपनीचा नियम काय? आधी मेन बंद, मग हात! बोटं गेलेली माणसं बघितलीत मी. तर नियमाप्रमाणं... केला मेन बंद.

बाहेर ऑर्गननं चिखलात म्हैस बसावी तसा आवाज काढला. आणि मग दोनशे माणसांची कुजबुज.

चर्चची देखभाल करणारे काका धावत आले, "कोण तुम्ही?" दारातून स्वरूपा दिसत होती, हात अजून पट्ट्यांवर, नजर माझ्यावर. सव्वीस वर्षं बाप आहे हो मी तिचा, आणि माझ्या तोंडातून काय यावं? "टेक्निशियन." तिची लाज राखायला बोललो, असं हिला सांगितलं मी. खोटं. माझी राखायला बोललो.

टेप मारली, मेन चालू केला, पोरीनं पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, टाळ्या झाल्या. मग माइकवर एक बाई म्हणाल्या, स्वरूपाचे आईवडील आले असतील तर उभे राहा. तिची आई एकटी उभी राहिली. मी मोटरपाशी, हातात टेप. घरी आल्यावर पोरगी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडली असती तर जेवलो तरी असतो... काय तोंड दाखवू तिला, सांगा ना?

आणि त्या काकांनी माझा नंबर घेतला होता! काल फोन. "साहेब, शुक्रवारी परत त्याच मुलीचा कार्यक्रम आहे. जरा आधी येऊन नीट बघून जा. तिचे वडील येणारेत या वेळी. पहिल्या रांगेत त्यांना खुर्ची ठेवा म्हणून तिनं स्वतः सांगितलंय."

मी "येतो" म्हटलं. आता त्या भल्या माणसाला कसं सांगू, की दोघंही एकाच गाडीवर येणारेत म्हणून?