चौथीच्या वर्गातली पातेली

लहानपणी रंकाळ्याच्या कठड्यावर आम्ही दोघी शेंगदाणे खात बसायचो. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली. कमल याच गल्लीत राहणारी, याच शाळेत शिकणारी. शेंगदाणे संपले की ती पुडीचा कागद उलगडायची आणि माझ्यापुढे धरायची. "वाच." मला जोडाक्षरं यायची नाहीत. "एवढी फी भरून हे बी शिकवत न्हाईत व्हय गं तुला?" असं म्हणायची आणि बोट ठेवून वाचायला लावायची. आज मी तुमच्यासमोर मराठीत बोलते आहे, ते त्या कागदांमुळे.

बंधूंनो, भगिनींनो, मंगळवारी कमल गेली. तुमच्या कमलबाई, या शाळेच्या हेडबाई. माझी नुसती कमल. तुम्ही एवढे सगळे आलात. पटांगणात उभं राहायला जागा नाही. या शाळेत इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. तिनंही पाहिली नव्हती. पालकसभेला ती दारोदार जाऊन बोलवायची, तेव्हा चार बायका यायच्या. त्याही धुण्याभांड्याची कामं उरकून, उभ्या उभ्या.

पुढच्या रांगेत आपल्या वॉर्डाचे दोन्ही उमेदवार बसले आहेत. दोघांनीही हार आणले. रविवारी मतदान आहे म्हणून आलात, असं मी म्हणणार नाही. कमल म्हणाली असती.

मागच्या निवडणुकीची गोष्ट तुम्हाला आठवते का? आपल्या गल्लीची रीत आहे. निवडणूक आली की तालमीत बैठक बसते. उमेदवाराकडून काय मागायचं ते ठरतं, आणि मग सगळी गल्ली एकाला मत देते. त्या बैठकीला बायका जात नाहीत. कमल गेली. मला हाताला धरून घेऊन गेली.

कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही कशाला तरास घेतलासा?"

"मत द्यायला आमी चालतो, मागायला चालत न्हाय व्हय रं?"

हशा झाला. मग तिनं मागणं सांगितलं. शाळेची कौलं फुटली आहेत, पावसाळ्यात पोरं छत्री धरून बसतात, छप्पर मागा. एकजण हळूच म्हणाला, "पर बाई, आपल्या गल्लीतली पोरं हाईतच कुठं या शाळंत?"

कमल त्याच्याकडे वळली. "मग जी हाईत ती कुणाची हाईत रं? रस्त्यावर सापडली व्हय?"

गल्लीची पोरं केव्हाच फीच्या शाळेत गेली होती. इथं उरली होती हमालांची, मोलकरणींची, पलीकडच्या बुद्धविहाराजवळच्या वस्तीतली. त्यांच्यासाठी आपलं मत कोण खर्च करणार? लग्नकार्याला मोठी पातेली मागायची असं ठरलं. "सगळ्यांच्या उपयोगाची हाईत की!" आणि ती आली. दिलेला शब्द पाळला गेला, हे मला मान्य आहे.

आता ती पातेली कुठं ठेवायची? तालमीत जागा नव्हती. चौथीच्या वर्गात ठेवली. चौथीची पोरं व्हरांड्यात आली, तिसरीच्या शेजारी. पोरं अजून तिथंच आहेत. आज जाताना त्या खिडकीतून आत बघून जा. वर आभाळ दिसेल आणि खाली पातेली.

त्या पातेल्यांतल्या जेवणाला तिनं कधी नाही म्हटलं नाही. पंगतीत बसायची, मठ्ठा मागून घ्यायची. मीच चिडायचे. "अन्नावर माजा राग न्हाय गं," म्हणायची.

आता म्हणे ही शाळा बंद करून हमरस्त्यापलीकडच्या शाळेत मिळवणार. ट्रक-एस.टी.ची ती वाहतूक ओलांडून सहा-सात वर्षांच्या मुली जातील? जाणार नाहीत. घरी बसतील, धाकटी भावंडं सांभाळतील. हे तिला माहीत होतं. दवाखान्यात धाप लागलेली असताना तिनं माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं, रविवारी तिला रिक्षातून मतदानाला न्यायचं. ते राहिलं. शाळेच्या बाजूचं एक मत कमी झालं.

एका चौकाला तिचं नाव देणार आहात असं मघाशी ऐकलं. कृपा करून देऊ नका. रविवारी आत जाल तेव्हा पडद्यामागे तालीम नसेल, भावकी नसेल. तुम्ही एकटे असाल. तेव्हा या व्हरांड्यातल्या पोरांची आठवण ठेवा. जो छप्पर घालील, शाळा इथंच ठेवील, त्याला द्या. दोघांपैकी कुणीही असो.

तिनं माझ्याकडे काही गोष्टी सांगून ठेवल्या आहेत, तेवढ्या सांगते आणि थांबते. शिलाई मशीन शाळा झाडणाऱ्या हौसामावशींना. दोन्ही लोकरी शाली हौसामावशींच्या सासूला. टेबलपंखा तिसरी-चौथीला. शाळेत वीज नाही, ती येईपर्यंत तो माझ्याकडे राहील. कपाटातली गोष्टींची पुस्तकं पोरांना वाटून टाकायची, जपून ठेवायची नाहीत.

मी विचारलं होतं, "अगं, आणि गल्लीला काय?"

ती म्हणाली, "त्यास्नी मी काय देणार? मत त्यांच्याकडंच हाय की."

आता उभे राहू या. थोडा वेळ कुणीही बोलू नका.