पत्र्याखालचा बूस्टर

नाय साहेब, नाय — हात लावू नका पत्र्याला, भाजाल. बघा, टेकवलंतच ना बोट? आता फुंका. अजून अकरा पण वाजले नाय. आणि तुमी म्हणता नेटचं मशीन हितंच माळ्यावर बसवा, घरमालकीण गिरजाबाईची हरकत नाय. तिची कशी असंल? तिला काय माहीत! तुमची कंपनी कल्याणला बसून कागदावर रेघ मारते — गावाच्या मधोमध उंच घर कुठलं, तर हे. झालं. कागदाला कुठं घाम येतो?

ही वायर बघा. माझीच, आठ वर्षांपूर्वीची. वाकवा जरा. तुटली ना पापडासारखी? पत्र्याला चिकटून ओढली की कवर असं होतं, मग भेगांतून पाणी, उरलंसुरलं उंदरांना. वायर न्यायची तर पाइपातून, वाशाखालनं, पत्र्यापासून हातभर लांब, लाइटच्या वायरीपासून वेगळी. आणि मशीन माळ्यावर नाय म्हणजे नाय. मी शिकलोय ते. कसं — जाऊ द्या.

कोणी शिकवणार? मी नि प्रशांत, शाळेपासूनचे दोस्त, आमी दोघांनी गावात केबल आणली, सत्त्याण्णवला. चित्र पुढं ढकलायला मधे बूस्टर लागतो, तो ठेवायला घर पाहिजे. गावात कोणी माळा देईना — ह्याचं भात, त्याचे देव. प्रशांत म्हणाला, आमच्याकडं ठेव. बौद्धवाड्यातलं पहिलंच घर त्याचं. आणि तिथनं आलेली वायर गावाला चालली हां! त्या घरचं पाणी नाय चालायचं, चित्र चाललं. थू! — मी पण त्यातलाच. प्रशांतची आई, कमळामावशी, चहा विचारायची, तर मी म्हणायचो, आत्ताच पिऊन आलो. दर वेळी आत्ताच पिऊन यायचो.

मग नव्व्याण्णवचा मे. वर्ल्डकप, मॅच दुपारची. बूस्टरचा डबा असा तापायचा की हात आपोआप मागं यायचा. चित्रात मुंग्या, मग काळंच. लोक माझ्या दारात, कमरेवर हात ठेवून — नामा, काय धंदा लावलायस? वर चढलो, पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली, अर्ध्या तासात वाळून कडक. मग कोणीतरी पंखा आणला. खाली मावशी दोन दिवस तापानं पडलेली, तिच्या उशाचा टेबलफॅन. प्रशांत कल्याणला ड्यूटीला. कोणीतरी म्हणजे — होते ना चारपाच जण —

नाय. चारपाच नव्हते. एकटाच होतो मी.

म्हटलं, मावशे, दोन तास देतेस का? ती म्हणाली, ने रे नामा, पोरं बघतायत तर बघू दे. तेवढं पाणी दे उशाला. दिलं का? आठवत नाय. — आठवतं. नाय दिलं. पंखा डब्याकडं तोंड करून लावला, चित्र आलं, सगळ्या आळीत ओरडा झाला, नि मी पळालो घरी, मॅच बघायला.

प्रशांत सातला आला. आई ओ देईना. अंग तापलेलं, कोरडं, घामाचा थेंब नाय. आणि डोक्यावर घरघर. शिडी चढून बघतो तर आईचा पंखा डब्याला वारा घालतोय. त्यानं वायरच उपसली. तिकडं सगळे टीव्ही बंद, आणि मी धावलो — चिडून हां! — शिव्या देत गेलो त्याच्या घरी. दारात बघतो तर तो आईला पाठीवर घेत होता. जीप मिळाली. पण शहापूरचा दवाखाना कुठं गाठतोय, सापगावच्या अलीकडंच मावशी संपली.

दुसऱ्या दिवशी मयताला चाललो, तर वाटेत एकजण विचारतो, काय रे नामा, अर्धी मॅच गेली आमची, केबल कधी चालू? मला त्याची किळस यायला पाहिजे होती ना? मी काय म्हणालो माहीत आहे? उद्या. — उद्या म्हणालो! जीभ झडली नाय.

प्रशांत? पोलीस नाय, शिवी नाय. मुरबाडला राहायला गेला. बाजारात दिसला की मी गल्ली बदलतो. शिवी दिली असती तर —

काय म्हणता? मुद्दाम नव्हतं केलं? तुमाला विचारलं कोणी? तुमी मशीन बसवायला आलायत ना? मग ऐका. खाली ओटीवर, उत्तरेच्या भिंतीला, सावलीत. पटत असंल तर सोमवारी वायर ओढतो, नसंल तर किन्हवलीला बघा दुसरा माणूस. चला, उतरा. नाय, मी नाय येत. थांबतो जरा हितंच.

अहो, उतरा म्हणतो ना.