खारकेचा गिलावा

मालोजी — काकासाहेब, गाय भिंत चाटतेय.

जयसिंगराव — चाटू दे. जनावराला पारख असते.

मालोजी — नुसती जीभ लावून बघत नाहीये, जेवायला बसलीय. कालची सफेदी पुरी संपवली, आता परवाच्या गिलाव्यावर आलीय. जरा खिडकीतून वाकून तर बघा.

जयसिंगराव — मला वाकायची गरज नाही. दरबारी चुना आहे तो. या अख्ख्या मल्हारगंजात दुसऱ्या कोणाच्या भिंतीला गाय तोंड लावते का, दाखव. समोर दत्तोपंत मास्तरांनी एवढं सिमेंट थापलंय. गाय तिकडे ढुंकून तरी बघते का?

मालोजी — दत्तोपंतही आपल्याच भिंतीपाशी उभे आहेत.

जयसिंगराव — बघ!

मालोजी — छत्रीच्या टोकानं काहीतरी उकरतायत. निघालं. धोतराला पुसलं. खाल्लं.

जयसिंगराव — काय खाल्लं?

मालोजी — इथून तर खारीक दिसतेय.

जयसिंगराव — मास्तर माणूस. सवय असते, काही दिसलं की तपासायची.

मालोजी — काकासाहेब, आपल्या भिंतीत खारीक कशी आली?

जयसिंगराव — तूच आणलीस.

मालोजी — मी दोन पोती आणली. एक चुन्यासाठी, तुम्ही सांगितलं तसं : गूळ, मेथी, उडीद, बेलफळं. दुसरं इंदिरेच्या लाडवांचं : गूळ, मेथी, डिंक, खोबरं, खारीक आणि तुपाचा डबा. तीन महिन्यांचं पोर घेऊन माझी बायको आज देवासहून येतेय. प्रेमलतावहिनी बिचाऱ्या शेजारधर्म म्हणून सकाळपासून आपल्या स्वयंपाकघरात परात घेऊन बसल्यात. मघाशी त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "भावजी, तुमच्या घराण्यात बाळंतिणीला बेलफळाचे लाडू देतात का?"

जयसिंगराव — मग तू काय म्हणालास?

मालोजी — म्हटलं, काकासाहेबांना विचारून सांगतो.

जयसिंगराव — हे बघ, मी पोत्यांचा वास घेतला होता. दोन्हींना मेथीचा वास. हाताला आलं ते चुना मळायच्या घाण्यात रिकामं केलं. यात माझं चुकलं कुठे?

मालोजी — आणि आतून खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या तेव्हा?

जयसिंगराव — क्षणभर थांबलो. मग म्हटलं, नवीन राज्य आलंय. मध्य प्रदेशात घालत असतील.

मालोजी — तुपाचा डबा?

जयसिंगराव — तूप मी मुद्दाम घातलं. तुपानं झळाळी येते. तेवढ्याला चूक म्हणायचं नाही.

मालोजी — म्हणजे परवा घाण्याचा बैल पुढे चालायला तयार नव्हता तो...

जयसिंगराव — हो. त्याला मी चारचौघांत कामचोर म्हणालो. भेटला की बोलेन त्याच्याशी.

मालोजी — भेटेल. तोच येतोय वाटतं. नाही, तो दुसरा आहे. काकासाहेब, गल्लीच्या तोंडाशी रांग लागलीय. मागे एक म्हैस पण आहे.

जयसिंगराव — म्हशीला हाकल. म्हशीला कशातलं काय कळतं!

मालोजी — हाकलायला जाऊ कुठून? पुढचं दार तर तुम्ही अजून उघडलं नाही. मागच्या बोळातून वळसा घालून जाईपर्यंत त्या उंबरा खाऊन मोकळ्या होतील. क्या बात है! एवढी वर्षं या अंगणात घाणेरीचं रान माजलेलं, तेव्हा एक जनावर शिरलं नाही.

जयसिंगराव — बकरी होती.

मालोजी — ती शिरली नव्हती, ती आतच जन्मली असावी. झाडी तोडली तेव्हा आपल्याकडे अशी बघत होती की जणू आपण तिचे भाडेकरू. ते सोडा. टांगा येईलच एवढ्यात. दार उघडा.

जयसिंगराव — रंग ओला आहे.

मालोजी — सकाळी मी हात लावून पाहिला. सुकलाय.

जयसिंगराव — बिजागऱ्या गंजल्यात.

मालोजी — काल तुम्हीच तेल घातलंत. उरलेलं गुडघ्यांना लावलंत, मी पाहिलं.

जयसिंगराव — आज शनिवार आहे.

मालोजी — आज गुरुवार आहे, काकासाहेब.

जयसिंगराव — दोनच दिवसांचा तर फरक.

मालोजी — बरं, मग मीच जातो खाली नि काढतो अडसर.

जयसिंगराव — अडसराला हात लावायचा नाही!

मालोजी — का पण? सगळं तर केलंत तुम्ही! रान काढलं, फरश्या घासल्या, कुंपणाचे दगड रचले, भिंतीला बाळंतिणीचा खुराक चारला. आणि दार तेवढं बंद? अहो, त्या दारासाठीच तर सगळा खटाटोप! दोन वर्षांपूर्वी लग्न करून आलो तेव्हा काय झालं, आठवतं का? पुढचं दार बंद म्हणून नव्या नवरीला मी बोळातून आणलं. वरात मोरीला वळसा घालून आली. बँडवाला पहिल्या वळणावर अडकला तो तिथेच वाजवत राहिला. तांदळाचं माप कोळशाच्या पाटीला टेकवून ठेवलेलं. इंदिरेनं ते ओलांडलं, पाय काळा झाला, तेच पाऊल देवघरापर्यंत उमटत गेलं. बोलली का काही?

जयसिंगराव — नाही बोलल्या. फार खानदानी मुलगी.

मालोजी — दोन वर्षं नाही बोलली. मुलगा झाला आणि भावाकडून निरोप आला : पोरगं या घरात पुढच्या दारानं येईल. बोळातून आणायचं असेल तर मतदानाच्या वयाचं होईस्तोवर देवासलाच राहील. ती ठट्टा करत नाहीये. मी ओळखतो तिला. दार बंद दिसलं तर त्याच टांग्यानं बस अड्ड्यावर परत जाईल.

जयसिंगराव — माझ्या नातवाला परत नेईल?

मालोजी — तुमच्या नातवाला, माझ्या पोराला. तुम्ही त्याचं तोंडही पाहिलं नाहीये अजून.

जयसिंगराव — नाक कोणावर गेलंय म्हणे?

मालोजी — दार उघडा, मग बघा.

जयसिंगराव — मालोजी, बस इथे. मी बग्गीखान्याचा दरोगा होतो, तेव्हा हे दार दिवसभर उघडं असायचं. दसऱ्याला तर लोटावं लागायचंच नाही. सोनं द्यायला ही गर्दी! ओसरीवर सतरंजी पुरायची नाही, पायऱ्यांवर बसायचे लोक. तुझी काकू म्हणायची, चहात पाणी घालू का दूध, ते सांगा. मग संस्थान गेलं. बग्ग्या गेल्या, घोडे गेले. त्या दसऱ्याला मी तबक मांडून, फेटा बांधून, दार सताड उघडून बसलो. दिवसभरात कोण आलं ठाऊक आहे?

मालोजी — कोण?

जयसिंगराव — पोस्टमन. त्यानं शेजारच्या घराचा पत्ता विचारला.

मालोजी — तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

जयसिंगराव — त्याला मी सोनं दिलं. तो म्हणाला, पावती लागेल का. संध्याकाळी मी अडसर घातला. बंद दाराचं एक बरं असतं बघ. माणसाला म्हणता येतं, दार बंद आहे म्हणून कोणी येत नाही. उघडलं आणि तरी कोणी आलं नाही, तर काय म्हणायचं?

मालोजी — काकासाहेब...

जयसिंगराव — म्हणून अंगण वाढू दिलं. भिंतीला हात लावला नाही. पडकं घर दिसलं की लोक आपणहून समजून घेतात.

मालोजी — काकासाहेब, टांगा.

जयसिंगराव — कुठे?

मालोजी — कोपऱ्यावर. तीच आहे. मांडीवर गाठोडं. नाही, गाठोडं रडतंय. अरे, पण हा घोडा असा काय धावतोय?

इंदिरा — अहो! अहो, याला थांबवा कोणीतरी! टांगेवाले दादा, लगाम ओढा ना!

मालोजी — टांगेवाला ओढतोय बिचारा, घोडाच ऐकत नाहीये. काकासाहेब, सरळ आपल्या भिंतीवर येतोय. गाई बाजूला झाल्या. थांबला. चाटायला लागला.

जयसिंगराव — घोडा? घोडा चाटतोय? दात कसे आहेत?

मालोजी — दात?

जयसिंगराव — ते दात किडके असतील तर माझी भिंत आजच सोड म्हणावं. गूळ घोड्याला बेतानं द्यावा लागतो!

इंदिरा — अहो, तुम्ही वर खिडकीत काय करताय? आणि ही जत्रा कसली? मी घर चुकले की काय?

मालोजी — नाही, नाही, हेच घर! रंग दिलाय!

इंदिरा — यात खोबरं दिसतंय.

मालोजी — ते... दरबारी पद्धत आहे.

इंदिरा — हा डिंक आहे. मी ओळखते डिंक. भिंतीत डिंक, खारीक, खोबरं! अहो, वहिनी माझ्यासाठी लाडू वळणार होत्या त्याचं सामान हे? ऐकलं का दादा, माझे लाडू तुमचा घोडा खातोय.

मालोजी — टांगेवाला म्हणतोय, बाईजी, चीज असली आहे.

इंदिरा — हसवू नका मला, पोर उठेल. झोपलंय आत्ताच. ते जाऊ दे. दार बंद का आहे?

मालोजी — उघडतोच आहोत! काकासाहेब, ती उतरली नाहीये. टांग्यातच बसलीय. टांगेवाल्याला विचारतेय, परतीची बस कितीला म्हणून. काकासाहेब? कुठे गेलात?

(खाली आतल्या बाजूनं अडसर ओढल्याचा आवाज. मग एक दणका. मग पुन्हा आवाज.)

जयसिंगराव — मालोजी! खाली ये आणि ढकल! बिजागऱ्या खरंच गंजल्यात!

मालोजी — मग मघाशी खरं बोललात ते! आलो! हां, एक, दो... अरे, निघालं!

जयसिंगराव — सूनबाई, या. उतरा. अहो, ही गाय! ए, तू नाही! मालोजी, धर हिला, आत शिरली!

मालोजी — धरू कशी? बैठकीत पोचली. काकासाहेब, ती तुमच्या आरामखुर्चीला हुंगतेय.

जयसिंगराव — असू दे. असू दे. वास्तुशांतीला गाय आधी आत नेतातच. सूनबाई, शुभ शकुन आहे, तुम्ही मनात काही आणू नका.

इंदिरा — काकासाहेब, दोन वर्षांपूर्वी कोळसा होता, आज गाय आहे. माझ्या वाट्याला साधा उंबरा कधी येणार?

जयसिंगराव — हाच आहे. साधाच आहे. माप... प्रेमलताबाई, माप आणा हो! तांदळाचं आणा बरं, बेलफळाचं नको! सूनबाई, इकडे द्या नातवाला. जरा धरू का? तुम्हाला पाऊल टाकायला सोपं.

इंदिरा — घ्या. मान सांभाळा.

जयसिंगराव — घोड्याची शिंगरं धरलीत मी या हातांनी. हं. नाक तर... नाक माझंच आहे.

मालोजी — ते सर्दीनं सुजलंय, काकासाहेब.

जयसिंगराव — माझंच आहे म्हटलं ना.

इंदिरा — आले बघा आत. किती उजेड आहे हो इथे! दोन वर्षांत मला माहीतच नव्हतं, बैठकीत एवढा उजेड येतो.

मालोजी — गायीला पण आवडलाय. बसली.

इंदिरा — बसू दे. दमली असेल खाऊन. पण काकासाहेब, बाहेर एवढे लोक उभे आहेत ते कोण?

जयसिंगराव — कोणी नाही. गल्लीतले. ते दत्तोपंत, ते कुंभारवाड्याचे लक्ष्मणराव, त्यांचे जावई. भिंत बघायला आलेत. आपल्याकडे नाही आले. जातील आता.

इंदिरा — भिंत बघायला आले काय नि तुम्हाला भेटायला आले काय, चहा तेवढाच लागतो. मी आधण ठेवते.

जयसिंगराव — सूनबाई, तुम्ही आत्ता प्रवासातून...

इंदिरा — तुम्ही त्यांना दारात उभं ठेवू नका म्हणजे झालं.

मालोजी — जा काकासाहेब. पोराला द्या माझ्याकडे.

जयसिंगराव — राहू दे. हा येतोय माझ्याबरोबर. अहो दत्तोपंत! लक्ष्मणराव! ऊन लागेल तिथे. या ना, आत या सगळे. आमच्या सूनबाई घरी आहेत.