अण्णांची बोटं

आमच्या चुलत्यांचा रिळाचा जुना कॅमेरा हाय बघा, त्यानं मला लय छळलं. हँडल फिरवलं की एका दमात सगळं रीळ गुंडाळून जायचं. तीन रिळं वाया गेली. पुण्यातले दुरुस्तीवाले म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवा."

शेवटी कराडच्या जुन्या स्टुडिओवाल्या अण्णांकडं गेलो. बघतो तर त्यांची नजर पार गेलेली. तरी त्यांनी मागचं झाकण उघडून आत बोटं फिरवली.

"रिळाच्या पाठीचा कागद ह्या दोन रुळांच्या वरनं घातलास व्हय?"

"व्हय."

"मग कागदाची जाडी रुळांत घावल्याबिगर रीळ आलंय ह्ये कॅमेऱ्याला कळणार कसं रं?"

त्यांनी नव्या रिळाचा कागद दोन रुळांच्या मधनं ओवला, झाकण लावून हँडल फिरवलं. पहिल्या फोटोवर टक्कन थांबलं!

"आवं अण्णा, दिसत न्हाई तरी कसं जमलं?"

"जन्मभर रिळं अंधारातच धुतली, गड्या. तवा तरी कुठं दिसत व्हतं?"