मंजुषाचं टाचण

द्वारकाबाई : कागदावर अंगठा देणार न्हाई मी. नात माजी हाय, वसतिगृहाची न्हाई.

गुरुजी : आजी, तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, म्हणून तुम्हाला विचारतोय. हिंगोलीची ती शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांचीच आहे. इथं मंजुषाचं नुकसान होतंय.

द्वारकाबाई : दुसरीत काहून झालं न्हाई मग? तवाबी तुमीच होता की.

गुरुजी : तेव्हा तिला कळायचं. पहिल्या बाकावर बसवलं, फळ्याकडं तोंड करून बोलायचं सोडलं. आता पाठाचं टाचणही वेगळं काढतो. ही वही बघा. वर्गाचं एका पानावर, तिचं समोरच्या पानावर. तरी दिवाळीपासून नुसती बघत बसते. थोडंफार ऐकू यायचं, तेही गेलं असेल.

द्वारकाबाई : घरात तर म्या हळू बोलले तरी समजतंय तिला.

गुरुजी : सगळ्यांचं समजतं?

द्वारकाबाई : व्हय. एक आमच्या जळबाचं सोडून. धाकटा दीर माजा. तसं काही बिघडत न्हाई, शहाणं काही बोलतच न्हाई त्यो.

गुरुजी : त्यांचंच का नाही समजत?

द्वारकाबाई : मिशा केरसुणीवाणी. व्हट दिसले तर कळंल ना लेकराला... गुरजी? मिशीला काहून हात लावताय?

गुरुजी : मंजुषा, इकडं बघ.

(गुरुजी पहिल्या बाकावरच्या मंजुषाला हातानं खूण करतात, दोन बोटांनी मिशी वर धरतात आणि आवाज न काढता काही बोलतात.)

द्वारकाबाई : कुठं पळाली ही?

गुरुजी : खिडकीतलं डस्टर आणायला सांगितलं.

द्वारकाबाई : आणलं की. हसून राहिली बघा तुमच्याकडं.

गुरुजी : बस बाळा, बस. आजी, चार महिने मी नुसती पानं लिहीत बसलो. द्या तो कागद. फाडून टाकतो.

द्वारकाबाई : इतकी वाढवली काहून पण? आधी बराबर असायची.

गुरुजी : आमची ही कातरायची. दर रविवारी, ओसरीवर बसवून. तिच्या दहाव्याला काढली, त्यानंतर लक्षच गेलं नाही.

द्वारकाबाई : हात हलका होता बाईंचा. माज्या टाचंतला काटा त्यांनीच काढलेला... न्हाव्याकडं जाऊन या आता.

गुरुजी : तिची कात्री आहे घरात. शिवणाच्या डब्यात. डबा अजून उघडला नाही मी.

द्वारकाबाई : उघडा आज. पोरगी सकाळी येऊन समोर बसणार हाय.