रोज जिंकणारा भाडेकरू

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, साहेब, ती त्याची. पाठीला लाल डाग पडलाय बघा, कितीही घासा, जात नाही. इकडे बसा, खिडकीपाशी. दार नुसतं लोटा हं, कडी घालू नका — कडी वाजते, आणि तो वर आहे. हो, आत्ता, या क्षणी वरच आहे! रोज दिवेलागणीला येतो, आज भर दुपारी आला, बॅग जिन्यातच टाकली, माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही आणि तरातरा वर. म्हटलं, धाबं दणाणलेलं दिसतंय. खाई त्याला खवखवे! आणि थोड्या वेळात तुम्ही दारात. म्हणजे माझी तक्रार अगदीच वाऱ्यावर नाही गेली. मला वाटलं होतं, तुमच्या त्या मैदानावरच्या सुरक्षा कचेरीतली खिडकीमागची मुलगी नुसतीच मान हलवतेय — ‘आमचा माणूस येईल चौकशीला, बाई’ — असं म्हणणारे कधी येतात का? पण आलात. जरा वयस्कर पाठवलाय माणूस, हरकत नाही, उलट बरंच. तरण्यांना ऐकून घ्यायचा दम नसतो. चहा टाकलाय. घ्याल ना? घ्याच.

थांबा, तुम्ही मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो. सुरुवातीपासून सांगते. दर वर्षी ही टेनिसची मोठी स्पर्धा आली की आमची अख्खी गल्ली खोल्या भाड्याने देते. मैदान हे इथे, तीन गल्ल्या ओलांडल्या की. एरवी कुत्रं फिरकत नाही इकडे, आणि स्पर्धा लागली की टोप्या घातलेली माणसंच माणसं. मी खेळाडूला खोली देत नाही. का? कारण लाल माती. तुम्ही लोक तिला माती म्हणता, मी म्हणते विटांचा चुरा — मोज्यांत शिरते, चादरीत शिरते, न्हाणीच्या जाळीत जाऊन बसते. पण हा आला तो पाय पुसून आला. जिन्याखाली बूट काढून, मोजे उलटे करून झटकले, मग वर आला. हातात एवढाल्या रॅकेटांची बॅग, आणि सही केली डाव्या हातानं. मी त्याला डावराच म्हणते. हसला. तेव्हाच मला खटकायला हवं होतं — एवढा गुणी भाडेकरू? जगात कोणी उगाच मोजे झटकत नाही, साहेब. आमचे हे असते तर म्हणाले असते, तुझ्या डोळ्यांत चाळणी बसवलीय, चांगलं खाली पडतं आणि खडे तेवढे वर राहतात. त्यांचं काय, ते गेले माणसांवर विश्वास ठेवत ठेवत.

तर — पहिल्याच मॅचला हरला. मुख्य स्पर्धेची नव्हे, आधीची असते ना, आत शिरायचं की नाही ते ठरवणारी, पात्रता फेरी — तिथेच. मी कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाच्या टीव्हीवर खाली पट्टी धावते त्यात वाचलं. सरळ सेटमध्ये हरला. म्हटलं, बिचारा, आता जाईल आपल्या गावी. त्याच्यासाठी अंडी उकडून ठेवली, जाताना खाईल वाटेत. कसचं काय! दुसऱ्या दिवशी उजाडताच बॅग खांद्यावर, गळ्यात पास, आणि निघाला. संध्याकाळी आला तो गुडघ्यापर्यंत लाल. मोजे लाल, शर्टाची पाठ लाल, कानामागेसुद्धा लाल. आता मला सांगा, हरलेल्या माणसाला माती लागते कुठून? हरला तो बाहेर. सरळ हिशेब आहे. इथेच पाणी मुरत होतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. रोज आला की न्हाणीत जातो, नळ सोडतो — आणि फोन लावतो. नळ कशाला सोडायचा? बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. पण न्हाणी आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत कसली, नुसता पापुद्रा. मी काही कान लावत नाही हं. भांडी घासताना आपोआप येतं कानावर. आणि भांडी काय, घासायचीच असतात. काय म्हणतो माहितीय? ‘जिंकलो!’ हरलेला माणूस! ‘हो, आजही जिंकलो. पहिला सेट गेला होता, मग काढला. पाय? पाय ठीक आहेत.’ दुसऱ्या दिवशी परत — ‘जिंकलो, आज तर सोपं गेलं.’ आवाज एवढा गोड की मुंग्या लागाव्यात. म्हटलं, ही सांकेतिक भाषा आहे. जुगारवाले असतात ना, मॅचवर पैसे लावणारे — त्यांना आतल्या खबरा देतोय. ‘जिंकलो’ म्हणजे अमक्यावर लावा, ‘पाय ठीक आहेत’ म्हणजे तमक्यावर. तुम्ही मान काय हलवताय? हो म्हणताय की नाही?

मग काल मी गेले त्याच्या मागे. हो, गेले! भाजीची पिशवी घेतली, डोक्याला रुमाल बांधला, आणि गेले. मागच्या बाजूला सरावाची कोर्टं आहेत, हिरवं कापड लावलेलं असतं भोवती, पण एका ठिकाणी उसवलंय — ते शिवून घ्या, कोणीही बघू शकतं. तर एका बाजूला तो लांब्या — अहो, ज्याचे फोटो बसवर लागलेत, शेवटापर्यंत जाणार म्हणतात तो — आणि दुसऱ्या बाजूला आमचा डावरा. पण तो आमचा वाटेचना! आमचा चालतो कसा, खाली मान घालून. हा छाती काढून, प्रत्येक सर्व्हिसआधी पाय आपटत, बाहीला नाक पुसत. दुसऱ्याच कुणाचं तरी सोंग. आणि लांब्याचा गुरू बाहेरून ओरडतोय, ‘उंच! अजून उंच! याच्या उलट्या हाताला!’ की हा निमूट तिथेच मारतोय. चेंडू रेषेबाहेर गेला तरी कोणी भांडत नाही, खाली वाकून मातीतला ठसा बघत नाही. कोण जिंकलं ते कोणी मोजतच नव्हतं, साहेब. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला, ‘लांब्याची पुढची मॅच एका डावखुऱ्याशी आहे, त्याच्यासारखं खेळून दाखवायला याला रोजावर ठेवलाय.’ म्हटलं, असेल. पण मग घरी फोनवर ‘जिंकलो’ कशाला? मला वेड्यात काढता काय! तिथून तडक तुमच्या कचेरीत आले आणि सगळं सांगितलं. आता तुम्ही काय ते बघा. पास तर आधी काढून घ्या त्याचा—

अं? घेतलाय? सकाळीच? तुम्हाला कोणी सांगितलं? ...फाटकावर विचारलंत तेव्हा? तुम्हाला का फाटकावर विचारावं लागलं, तुम्ही तर आतलेच ना?

परत म्हणा. हळू म्हणा. ‘तो फोन मला करायचा’ — म्हणजे? तुम्हाला म्हणजे कोणाला? तुम्ही कोण आहात? कचेरीतून नाही? मग मी घरात कसं घेतलं तुम्हाला! चहा पाजला! उठा— नाही, बसा. बसा, पण ओळख दाखवा. वडील काय, कोणीही म्हणेल मी वडील आहे. काहीतरी कागद, फोटो... हे काय, हात काय पुढे करताय? अंगठा? अगंबाई. तसाच. अगदी तसाच बाहेर वळलेला. त्याचा डावा, तुमचाही डावा. कप धरताना त्याचा तो अंगठा मला दिसायचा रोज.

म्हणजे जुगारवाला तुम्ही होय!

हसू नका हो. तो बापाला खोटं सांगत होता. एवढंच? फक्त बापाला? मी त्याच्यात टोळी बघितली, आणि... थांबा. आणि मी आत्ता तुम्हाला सांगून बसले की तो हरलाय. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. तुमच्यासमोर चहाचा कप ठेवून मी— काय? माहीत होतं? पहिल्या दिवसापासून? शेजाऱ्यांच्या नातीनं तिच्या फोनवर निकाल दाखवला? मग तुम्ही रोज त्याला... ‘शाब्बास’ म्हणत होतात? रोज? भाऊ, तुमची कमाल आहे. तो खोटं सांगतोय, तुम्हाला माहितीय; तुम्ही खोटं ऐकताय, त्याला ठाऊक नाही; आणि मी मूर्ख मध्ये भांडी घासतेय.

मग आज का आलात? न कळवता? ...हं. ...हं. खरंच की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो हरतच नाहीये. कालच्या फोनप्रमाणे तो शेवटच्या आठांत आलाय. अजून तीनदा जिंकला तर करंडकच घेऊन यावा लागेल घरी, आणि करंडक कुठून आणणार? तुम्हाला वाटलं होतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणेल ‘हरलो बाबा’, आणि विषय संपेल. तुम्ही वाट बघत होतात त्याच्या हरण्याची. आणि त्याच्यानं हरवेना. रात्रभर झोप नाही तुम्हाला — मग पोरगं काय करून बसेल, परत येईल की तोंड लपवून कुठे निघून जाईल. म्हणून गाडीत बसलात. न्यायला आलात. ‘ये’ म्हणायला. एवढ्यासाठी.

आणि त्याची ती रोजी होती, ती माझ्या जिभेनं गेली. नाही, तुम्ही ‘जाऊ द्या’ म्हणू नका. मी आत्ता जाते कचेरीत, त्या मुलीला सांगते, पास परत कर, मी म्हातारी आहे, मला उलटंसुलटं ऐकू येतं. मला चांगलं ऐकू येतं हो, पण सांगीन. ...नको? का नको? ‘दुसऱ्याचं सोंग पुरे झालं’. हं. तो तुमचा प्रश्न. तुम्ही बाप आहात.

माझाही एक आहे. लांब असतो, कामाच्या ठिकाणी. फोन करतो की! करतो म्हणजे करतोच. ‘मजेत आहे, आई.’ एवढंच. कधी पडसं नाही, कधी साहेब ओरडला नाही, कधी बायकोशी वाजलं नाही. एवढी वर्षं झाली, दर वेळी मजेत. मी जगाची झडती घेते भाऊ, दूधवाल्याचं माप बघते, पण त्याला कधी... त्याचं मात्र मी सगळं खरं धरत आले. चहा निवला तुमचा. दुसरा टाकते.

फोन वाजतोय. तुमचा, खिशातला. एवढ्या लवकर? तोच असणार, वरूनच करतोय, न्हाणीत नळही नाही सोडलेला आज. उचला ना! मी तिकडे तोंड करते. ऐकत नाही मी. ...

काय म्हणाला? भाऊ, काय म्हणाला? ‘हरलो’? आज हरलो म्हणाला? — अहो मग रडताय काय, चांगलंच झालं की! नाक पुसा आधी. ‘बरं झालं’ काय म्हणालात त्याला, हरलेल्या पोराला कोणी ‘बरं झालं’ म्हणतं का? आणि आता? सांगितलंत, खाली बसलोय म्हणून?

दार वाजलं वरचं. ऐका. अनवाणी येतोय. माझं नाव काढू नका— नाही, काढा, नाहीतर मीच सांगेन, पण आत्ता नाही, आत्ता तुमचं तुम्ही बघा. ती खुर्ची त्याच्यासाठी राहू द्या. मी निघाले, मला बाजारात काम आहे. कसलं काम ते विचारू नका, काहीतरी काढीन. चहा उतू जाईल, तेवढा गॅस बंद करा. आणि भाऊ, तो आत आला की आधी तुम्ही बोला. त्याला बोलायला लावू नका, तो पुन्हा काहीतरी—

श्श. आला.